रंग पुसणारा खोडरबर

मी खोडरबर बोलतोय. कंपासपेटीतला नव्हे, त्या बिचाऱ्याला निदान वास तरी असतो. मी पडद्यावरचा. ऑनलाइन शिकवणीच्या संकेतस्थळावर तुम्ही पाठ लिहायला बसलात, की लिहायच्या चौकटीच्या डोक्यावर बटणांची एक पट्टी दिसते. त्या पट्टीच्या अगदी उजव्या टोकाला, जिथे नजर पोचेपर्यंत माणसाचा चहा गार होतो, तिथे तिरका पडलेला छोटासा खोडरबर म्हणजे मी.

माझं खरं नाव 'स्वरूप पुसा'. बाण माझ्यावर आणून जरा वेळ स्थिर धरलात, तर ते नाव खाली उमटतं. पण तेवढा धीर कुणाला आहे? लोक माझ्याकडे बघतात, खोडरबर दिसला की दचकतात आणि बाण मागे घेतात. त्यांना वाटतं, मला दाबलं की सगळं लिखाण पुसलं जाणार.

अहो, मी शब्दाला हात लावत नाही! अक्षरांवर चढवलेला रंग, मागे ओढलेल्या पट्ट्या, जाडी, वाकडेपणा, लहानमोठे आकार, एवढंच मी उतरवतो. शब्द जिथल्या तिथे राहतात, साधे, काळे, वाचता येतील असे. पण हे सांगणार कुणाला? एकदा नाव खराब झालं की झालं.

मला घडवलं एका चष्मेवाल्या प्रोग्रॅमरने. तो सगळी बटणं बनवून थकला होता. मग त्याने बाहेरून मजकूर आणून चौकटीत चिकटवून पाहिला, तर पाच तऱ्हेची अक्षरं एकमेकांच्या उरावर बसलेली. तो कपाळाला हात लावून म्हणाला, "हे निस्तरायला काहीतरी पाहिजे." ते काहीतरी म्हणजे मी. आमच्या घराण्यातला मी एकटाच असा, की ज्याचा जन्म कौतुकासाठी नाही, निस्तरण्यासाठी झाला.

बाकी भावंडांचं बरं चाललंय. ठळक हा थोरला. त्याला सगळे मान देतात, आणि त्यामुळे तो फुगला आहे. तिरका जरा नाजूक, सदा कुणाच्या तरी खांद्यावर कललेला. अधोरेखित कामसू. आणि रंगाची डबी म्हणजे शेंडेफळ, लाडाने पार बिघडलेलं. तिच्यात किती रंग आहेत हे तिलाही ठाऊक नाही, पण जो येतो तो आधी तीच उघडतो. 'शीर्षक' नावाचं एक शहाणं बटणही आहे. त्याला कुणी विचारत नाही. लोक साध्या ओळीचा आकार वाढवतात, तिला जाड करतात आणि स्पेसबार बडवत बडवत पानाच्या मधोमध नेतात. मधोमध नेणारं बटण समोर बसून हे सगळं बघत असतं. त्याच्या मनाला काय वाटत असेल, ते तोच जाणे.

आमची नेमणूक झाली ती एका प्रशिक्षण संस्थेत. घरी अंथरुणाला खिळलेल्या माणसाची काळजी कशी घ्यायची, याचं शिक्षण ही संस्था घरबसल्या द्यायची. तिथल्या शिक्षिकेला सगळे सिस्टर म्हणत. आयुष्यभर इस्पितळात नर्स होत्या, निवृत्त झाल्यावर इथे आल्या. बोलणं थोडं, लिहिणं त्याहून थोडं. पहिल्या दिवशी त्यांनी चौकटीत पाठ लिहिला: 'रुग्णाला कुशीवर वळवणे'. पायऱ्या अशा एकाखाली एक. पहिली पायरी होती: 'आधी पलंगाच्या चारही चाकांचे ब्रेक लावा, मगच रुग्णाला हात लावा.' काळी अक्षरं, पांढरं पान. आमच्यापैकी एकाही बटणाला त्यांनी बोट लावलं नाही. ठळकला तो अपमान वाटला. मला मात्र बाई पहिल्याच दिवशी आवडल्या.

पण संस्थेत एक साहेब होते. पाठ कसे दिसावेत हे ते ठरवायचे. पाठात काय आहे हे पाहणं त्यांच्या कामात बसत नव्हतं, आणि ते आपल्या कामाबाहेर कधी जात नसत. 'आकर्षक' हा शब्द त्यांच्या तोंडी इतका होता, की माघारी सगळे त्यांना आकर्षक साहेबच म्हणायचे.

ते सिस्टरच्या टेबलापाशी आले आणि पडद्याकडे असं पाहू लागले, जणू तिथे कुणी गेलं आहे.

"सिस्टर, हे काय? इतकं सुतकी?"

"पाठ आहे, सर."

"पाठ आहे हो, पण आकर्षक नाहीये. विद्यार्थ्याचे डोळे खिळले पाहिजेत!"

"त्यांचे डोळे पेशंटवर खिळलेले बरे."

साहेब हसले. कनिष्ठांनी मारलेल्या टोल्यावर हसायचं त्यांनी कुठल्यातरी शिबिरात शिकून घेतलं होतं. मग खुर्ची ओढून ते स्वतःच बसले. पुढे जे झालं ते मला जवळून बघावं लागलं. प्रत्येक पायरीला वेगळा रंग. प्रत्येक क्रियापद ठळक. 'रुग्ण' हा शब्द येईल तिथे तिरका, का ते विचारू नका. मग त्यांची नजर पहिल्या पायरीवर गेली.

"यातलं सगळ्यात महत्त्वाचं कुठलं?"

"पहिलं," सिस्टर म्हणाल्या. "ते चुकलं तर माणूस पडतो."

"मग ते उठून दिसायला नको?" साहेबांनी त्या वाक्यामागे लालभडक पट्टी ओढली आणि अक्षरं पांढरी केली. मागे रेलून म्हणाले, "आता बोला!"

सिस्टरनी पान तसंच राहू दिलं. त्यांनी इस्पितळात पुष्कळ मोठे डॉक्टर पाहिले होते. कुणाशी वाद घालायचा आणि कुणाला जाऊ द्यायचं, याचा त्यांना अंदाज होता. इथे तो चुकला.

कारण साहेबांनी पान पाहिलं ते आपल्या मोठ्या पडद्यावर, आणि शिकणारे होते फोनवर. फोनवरचं आमचं अ‍ॅप जरा विचित्र स्वभावाचं आहे. त्याला पट्ट्या परवडत नाहीत, म्हणून ते मागची पट्टी काढून टाकतं, पण अक्षरांचा रंग मात्र इमानेइतबारे जपतं. तेव्हा लाल पट्टी गेली आणि पांढरं वाक्य पांढऱ्या पानावर उरलं. म्हणजे दिसेनासंच झालं. सगळ्या पाठात ज्याला सगळ्यात जास्त नटवलं होतं, नेमकं तेच कुणाला दिसेना. मी वरून ओरडत होतो, पण खोडरबराचं ओरडणं कोण ऐकतो?

त्या वर्गात एक बस ड्रायव्हर होता. त्याची आई पाय मोडून अंथरुणाला खिळली होती. इस्पितळातून घरी आणताना त्याने भाड्याने चाकांचा पलंग आणला होता आणि कामावरून रजा टाकली होती. मी त्याच्या घरात कसा, असं विचाराल. विद्यार्थ्यांना शंका लिहायला फोनवर जी छोटी चौकट मिळते, तिच्यावरही आमची पट्टी असते. चौकट उघडी, की त्या खोलीत मी हजर. ड्रायव्हर सारखा काहीतरी विचारत असल्याने ती चौकट कधी बंद व्हायचीच नाही.

त्याची थोरली बहीण दोन गल्ल्या पलीकडे राहायची. कडक बाई, पण आईवर जीव. तिचं म्हणणं, आईला सेवागृहात ठेवावं, तिथे सगळं नीट होतं. आईचं म्हणणं होतं, "मी माझ्या खोलीतून हलणार नाही. मला इथून खिडकी दिसते." शेवटी बहीण म्हणाली होती, "ठीक आहे. तू ते शिक्षण पूर्ण कर. आईला नीट वळवता येतंय हे मला माझ्या डोळ्यांनी दिसलं, तर मी पुन्हा सेवागृहाचं नाव काढणार नाही."

म्हणून प्रात्यक्षिकाच्या दिवशी ती भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभी होती. फोन स्टुलावर टेकवलेला, पलीकडे पडद्यावर सिस्टर. फोनमध्ये गादी आणि आई एवढंच दिसत होतं. चाकं खाली राहिली होती, वरून लोंबणाऱ्या चादरीच्या आड.

ड्रायव्हरने सकाळपासून पाठ तोंडपाठ केला होता. आईचा हात छातीवर ठेवला, गुडघा वाकवला, खांद्याला आणि कमरेला हात घातला. अगदी लिहिलं होतं तसं.

"आई, वळवतो हं."

त्याने जोर लावला आणि पलंगच सरकला. भिंत आणि पलंग यांच्यात हातभर फट पडली आणि आई त्या फटीकडे कलंडली. ड्रायव्हरने गुडघा मध्ये घालून तिला अडवलं. ती खाली पडली नाही, पण कोपर भिंतीला घासून सोलवटलं, आणि ती अशी किंचाळली की माझ्यासारख्या निर्जीवाच्याही अंगावर काटा आला.

"ठेव! ठेव तिला! हात लावू नकोस!" बहीण धावली.

आईला सरळ निजवल्यावरही तिचा श्वास लागला होता. ड्रायव्हर पलंगाशेजारी खाली बसला. आईने त्याच्याकडे न बघता म्हटलं, "तू नको मला वळवूस आता." त्याची मान खाली गेली ती वर आलीच नाही.

"सोमवारी सेवागृहाची गाडी बोलावते," बहीण म्हणाली. "पुरे झालं हे."

फोनमधून सिस्टरचा आवाज आला. "पलंगाचे ब्रेक लावले नव्हते का?"

"कसले ब्रेक?"

"चाकांचे. पहिलीच पायरी आहे ती."

"सिस्टर, पहिली पायरी हात छातीवर ठेवायची आहे! अहो, मी बस सोडून पाणी प्यायला उतरलो तरी हँडब्रेक ओढतो. पलंगाला ब्रेक असतात हे तुम्ही सांगितलं असतं तर मी विसरलो असतो का?"

"मी लिहिलंय."

"नाही लिहिलेलं."

त्याने फोनवरच्या पानाचा फोटो काढून पाठवला. सिस्टरनी तो मोठा करून पाहिला. वर पाठाचं नाव, खाली हात छातीवर ठेवण्याची पायरी, आणि मधे कोरी जागा. त्या बराच वेळ त्या कोऱ्या जागेकडे बघत बसल्या. मग आपल्या पडद्यावरची लाल पट्टी पाहिली. मग पुन्हा फोटो. चेहऱ्यावरचा रंग उतरणं म्हणजे काय ते मी तेव्हा पाहिलं, आणि त्या पुसण्यात माझा हात नव्हता.

त्या तडक साहेबांकडे गेल्या. साहेबांच्या पडद्यावर तेव्हा सिस्टरचंच पान होतं. 'आदर्श पान' म्हणून ते इतर शिक्षकांना दाखवायचं चाललं होतं.

"सर, हे वाक्य फोनवर दिसत नाही."

साहेबांनी फोटो पाहिला. "फोन जुना असेल."

"माझ्याही फोनवर दिसत नाही."

"तुमचाही जुना असेल."

"तुमच्या फोनवर बघा."

साहेबांनी आपला फोन काढला, पाहिला आणि परत खिशात ठेवला. "यावर एक उपाय आहे," ते म्हणाले. "ते वाक्य अजून मोठं करू. म्हणजे कुणाच्याही नजरेतून सुटणार नाही."

आणि त्यांनी तसं केलंही! अक्षरांचा आकार दुप्पट केला, दोन्ही बाजूंना उद्गारचिन्हं टाकली. फोनवर कोरी जागा दुप्पट झाली. पांढऱ्यावर पांढरी उद्गारचिन्हं. साहेब समाधानाने म्हणाले, "बघा, जरा विचार केला की मार्ग निघतो."

सिस्टर जागेवर आल्या. शेजारच्या टेबलावर आहार शिकवणारे मास्तर बसायचे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. सिस्टर पडद्याच्या कोपऱ्यात माझ्याकडे बघताहेत हे पाहून ते घाईने म्हणाले, "त्याला हात लावू नका हं. माझा अख्खा पाठ गेला होता त्याच्यापायी."

साफ खोटं! त्यांनी सगळा मजकूर निवडून डिलीट दाबलं होतं आणि नाव माझं घेतलं. पण मी काय बोलणार? आमच्या जातीला खुलासा करायची सोय नाही.

सिस्टर थबकल्या. पाठ गेला, तर पुन्हा लिहायला वेळ नव्हता. सोमवार तोंडावर होता. शिवाय साहेबांचं आदर्श पान मोडल्याचा ठपका येणार तो वेगळाच. त्यांनी टेबलावरचं पेन उचललं आणि ते एक वाक्य डाव्या तळहातावर लिहून घेतलं. पेशंटचं तापमान असंच हातावर टिपून घ्यायची त्यांची सवय असावी. मग सगळा मजकूर निवडला, बाण हळूहळू उजवीकडे आणला. माझं नाव खाली उमटलं. त्यांनी ते वाचलं. पहिल्यांदाच कुणीतरी ते पूर्ण वाचलं हो!

त्यांनी डोळे मिटून मला दाबलं.

किती दिवसांनी मी काम केलं म्हणून सांगू! लाल पट्टी उतरवली, हिरवे, जांभळे, नारिंगी सगळे रंग धुऊन काढले, फुगलेली क्रियापदं बसवली, कललेल्या रुग्णांना सरळ केलं. रंगाची डबी रडायला लागली. मी ढुंकून पाहिलं नाही.

सिस्टरनी डोळे उघडले. शब्द सगळे होते. एकही हलला नव्हता. त्यांनी फोन उघडला, पान ताजं केलं, आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "आधी पलंगाच्या चारही चाकांचे ब्रेक लावा..." पुढचं त्यांना वाचवलं नाही. मास्तरांनी विचारलं, "गेलं का सगळं?" तर त्या नुसतं नाही म्हणाल्या आणि डोळे पुसले.

सोमवारी गाडी यायच्या आधी ड्रायव्हरने फोन पुन्हा स्टुलावर टेकवला. बहीण आईची कपड्यांची पिशवी भरून बसली होती. "एकदाच," तो तिला म्हणाला. "ताई, एकदाच बघ. मग तू म्हणशील तसं." आई मान भिंतीकडे फिरवून उताणी पडली होती.

त्याने चादर वर खोचली, गुडघ्यांवर बसला आणि पलंगाखाली गेला. एकेक ब्रेक लागल्याचा खट्ट आवाज येत होता. बाहेर येऊन त्याने हात धुतले.

"हे काय केलंस खाली?" आईने विचारलं.

"ब्रेक लावले."

"मग त्या दिवशी का नाही लावलेस?"

"दिसलं नव्हतं गं, आई."

"इतकी वर्षं गाडी चालवतोस," आई म्हणाली, "आणि ब्रेक दिसला नाही?" पण तिने स्वतःच हात छातीवर ठेवला.

बहिणीने मधे येऊन पलंगाला कमरेने जोरात धक्का दिला. पलंग जागचा हलला नाही. ती पुन्हा कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरने आईला कुशीवर वळवलं, पाठीशी उशी दिली. आईचं तोंड आता खिडकीकडे झालं होतं. मग बहिणीने पिशवीतले कपडे काढून परत कपाटात लावायला सुरुवात केली, आणि फोनमध्ये सिस्टरनी नाक शिंकरलं.

इथे मी थांबलो असतो तर बरं दिसलं असतं. पण साहेब आहेत ना.

आदर्श पान काळंपांढरं झालेलं पाहून साहेब लालेलाल झाले. "हे पान कुणी उघडंबोडकं केलं?" सिस्टर म्हणाल्या, "मी." मग त्यांनी घडलेला सगळा प्रकार सांगितला, कोपर सोलवटल्यासकट. साहेबांनी सगळं वहीत टिपून घेतलं. मला वाटलं, आता तरी. दुसऱ्या दिवशी संस्थेत परिपत्रक निघालं: 'साधेपणा अभियान'. कल्पना अर्थातच साहेबांची. परिपत्रकाच्या चारी बाजूंना फुलापानांची नक्षी होती, 'साधेपणा' हा शब्द सोनेरी होता, आणि मधे साहेबांचा हसरा फोटो होता. सिस्टरना व्यासपीठावर बोलावून गुच्छ दिला. त्यांच्यावर ठपका आला नाही, एवढंच मी चांगलं मानतो.

या अभियानासाठी आता नवीन लेखनचौकट येते आहे. तिच्यात म्हणे शिक्षकांना काहीच करावं लागणार नाही. पाठातलं महत्त्वाचं वाक्य कुठलं, हे यंत्र स्वतः ओळखणार आणि स्वतःच सजवणार. कशा रंगाने, ते यंत्राची मर्जी. आणि जी बटणं फारशी कुणी वापरत नाही ती काढून टाकणार. त्या यादीत मी पहिला. माझ्या नावापुढे लिहिलंय: 'वापर नगण्य'.

मला राग येतो, खोटं कशाला बोलू? शब्द न पुसणाऱ्या खोडरबराला पुसून टाकताहेत, आणि त्यालाही सुधारणा म्हणताहेत. पण माझ्या जाण्यापेक्षा मला भीती त्या एका वाक्याची वाटते. ते आज काळं आहे, दिसतं आहे. उद्या यंत्राला ते महत्त्वाचं वाटलं, की पुन्हा नटणार. आणि त्या दिवशी फोनच्या पलीकडे कुणाची तरी आई असेल.

म्हणून जाता जाता तुम्हाला एवढंच सांगतो. शिकताना पानावर कुठे विनाकारण कोरी जागा दिसली, तर पुढे जाऊ नका. तिच्यावर बोट दाबून धरा, शब्द निवडून बघा, शिकवणाऱ्याला फोन करून विचारा, "इथे काही आहे का हो?" लाजू नका. माणसाला हात त्यानंतरच लावा. बराय, येतो मी.